आठ खाचांची नळी

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवलं. त्याची ४५१.४ गुणांची कामगिरी त्या दिवशी घराघरांत टीव्हीवर पाहिली गेली. या प्रकारात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते ५० मीटरवर. आपण नेमबाजाचा श्वास पाहिला, चेहरा पाहिला, चापावरचं बोटही पाहिलं. पण त्याच्या हातातल्या नळीकडे कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

ही रायफल एकबारी असते. एका वेळी एकच काडतूस भरायचं, उडवायचं, रिकामं टोपण काढायचं आणि पुन्हा एकच भरायचं. भराभर गोळ्या झाडण्याची सोय हिच्यात नाही. हिचं काम एकच: गोळी जिथे पहिल्यांदा लागली, तिथेच दुसऱ्यांदाही लागली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं, पण हे साधण्यासाठी माणसांनी आयुष्यं खर्ची घातली. आज मला त्यांतल्या दोघांविषयी सांगायचं आहे. दोघेही अमेरिकेतले. एकाने नळ्या घडवल्या, दुसऱ्याने त्या नळ्या चांगल्या का चालतात किंवा का बिघडतात याचा छडा लावायचा प्रयत्न केला.

आधी नळीची थोडी ओळख करून घेऊ. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत आतल्या बाजूने पीळ दिलेल्या खाचा असतात. गोळी या खाचांत घट्ट बसते आणि पुढे सरकताना स्वतःभोवती फिरू लागते. फिरणारा भोवरा जसा तोल सांभाळतो, तशी फिरणारी गोळी हवेत कोलांट्या न घेता सरळ जाते. ही युक्ती जर्मन भाषक प्रदेशातल्या कारागिरांनी पंधराव्या-सोळाव्या शतकातच शोधली होती. तिथून स्थलांतर केलेल्या लोहारांनी अठराव्या शतकात ती पेनसिल्व्हेनियात नेली आणि अमेरिकेची लांब नळीची शिकारी रायफल तयार झाली.

अडचण होती ती भरण्याची. या रायफली तोंडाकडून भरायच्या असत. आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि ती गजाने ठोकत तळापर्यंत न्यायची. खाचांत घट्ट बसणारी गोळी आत घालताना नळीच्या तोंडाची कड झिजायची, शिवाय मऊ शिशाची गोळी वेडीवाकडी व्हायची. आता नळीचं तोंड म्हणजे गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श. कड एका बाजूला किंचित जरी झिजली, तरी मागून येणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला तिरका धक्का देतो. इथली केसभर खोट दोनशे वारांवर चांगली बोटभर होऊन दिसते.

यावर उपाय काढला तो मॅसॅच्युसेट्समधल्या अल्व्हन क्लार्क या चित्रकाराने. खगोलशास्त्राची आवड असलेल्यांना हे नाव परिचयाचं असेल. पुढे दुर्बिणीची भिंगं घासणारा जगातला नावाजलेला कारागीर झाला तो हाच क्लार्क. त्याच्या मुलाने १८६२ मध्ये त्यांच्याच कारखान्यात घासलेल्या भिंगातून व्याध ताऱ्याचा अंधूक सोबती पहिल्यांदा पाहिला. हे भिंगाचं काम मोठं होण्याच्या आधी, १८४० साली, क्लार्कने रायफलच्या ‘खोट्या तोंडा’चं पेटंट घेतलं होतं. नळी पूर्ण करण्याआधी तिच्या टोकाचा छोटा तुकडा कापायचा, तो खुंट्यांनी पुन्हा अचूक जागी बसेल असा करायचा, आणि मग खाचा दोन्हींतून सलग पाडायच्या. गोळी भरताना हा तुकडा बसवायचा आणि उडवताना काढून ठेवायचा. झीज झाली तर त्या तुकड्याची होईल, नळीचं खरं तोंड कोरं राहील. भिंग घासणाऱ्याच्या आणि नळी घडवणाऱ्याच्या स्वभावात काही साम्य असावं असं मला नेहमी वाटत आलं आहे. दोघांनाही डोळ्यांना न दिसणारी चूक बोटांना जाणवावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडतूस आलं आणि रायफल मागून भरता येऊ लागली. शार्प्स, बॅलार्ड, रेमिंग्टन अशा अनेक एकबारी रायफली बाजारात आल्या. उटाहमधल्या ऑग्डेन गावी वडिलांच्या बंदुकांच्या दुकानात वाढलेल्या जॉन ब्राउनिंग या तरुणाने १८७९ मध्ये एका एकबारी रायफलीचं पेटंट घेतलं. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्याचे हक्क ८,००० डॉलरना विकत घेतले. या रायफलीत नळीच्या मागे एक लोखंडी ठोकळा वरखाली सरकतो. खाली गेला की काडतूस घालायला वाट मोकळी, वर आला की दार बंद. रचना साधी, भक्कम आणि मोजक्या भागांची. म्हणून तर पुढची शंभर वर्षं हौशी माणसं तिच्यावर हात चालवत राहिली.

मागून भरणारी रायफल अचूक असू शकते का, यावर तेव्हा वाद होता. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर या वादाचा निकाल लागला म्हणा, किंवा निदान तोंड तरी बंद झालं. आयर्लंडचा संघ तोंडाकडून भरायच्या रिग्बी रायफली घेऊन आला होता, तर अमेरिकन संघाकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स होत्या. ८००, ९०० आणि १,००० वारांवर प्रत्येक संघाच्या सहा जणांनी नेम धरले. अमेरिकेला ९३४ गुण मिळाले, आयर्लंडला ९३१. एका आयरिश नेमबाजाची गोळी अगदी मध्यावर लागली होती, पण शेजारच्या दुसऱ्याच लक्ष्याच्या! त्या गोळीचे चार गुण बुडाले आणि सामनाही.

पण अचूकतेचं खरं वेड वाढलं ते दुसरीकडे, जर्मन स्थलांतरितांच्या ‘शुट्झन’ मंडळांत. रविवारी बायकामुलांसह बागेत जमायचं, बँड, बीअर, जेवण आणि सोबत नेमबाजी. न्यू जर्सीतलं युनियन हिल आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं शेल माउंड पार्क ही त्यांची नामांकित ठिकाणं. अंतर २०० वार, म्हणजे सुमारे १८३ मीटर. दोन पायांवर उभं राहून, कशाचाही टेका न घेता नेम धरायचा. लक्ष्यावर २५ कडी असत आणि सर्वांत आतलं कडं दीड इंच व्यासाचं. आपल्याकडे सुतार आणि फिटर इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. त्या हिशेबाने बारा सुतांचं वर्तुळ, पावणेदोनशे मीटरच्याही पलीकडे!

या मंडळींना नळी पुरवणारे कारागीर मोजके होते. डेन्व्हरला जॉर्ज शोयेन होता, आणखीही काही जण होते. पण सर्वांत मोठं नाव हॅरी पोपचं. (रोमच्या पोपशी संबंध नाही, तरी त्या वर्तुळात त्याचा शब्द जवळपास तितकाच अंतिम मानला जाई.) १८६१ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या वॉलपोल गावी जन्मलेला पोप १८८१ मध्ये बॉस्टनच्या एमआयटीतून अभियंता होऊन बाहेर पडला आणि पुढे हार्टफर्डच्या सायकल कारखान्यात काम करू लागला. नळ्या करण्याची सुरुवात नोकरी सांभाळून, हौसेनेच झाली. स्वतःला हवी तशी नळी बाजारात मिळेना, म्हणून स्वतःच करायला घेतली. मग मित्र मागू लागले, मग मित्रांचे मित्र. शेवटी हौस हाच धंदा झाला.

पोप संपूर्ण रायफल क्वचितच बनवत असे. गिऱ्हाईक आपली बॅलार्ड किंवा विंचेस्टर पाठवायचं आणि पोप तिची मूळची नळी काढून आपली बसवायचा. खाचा आठ आणि पीळ डावा. तोही सगळीकडे सारखा नाही, मागे सैल आणि तोंडाकडे जाताना हळूहळू घट्ट होत गेलेला. म्हणजे गोळीला सुरुवातीला हिसका बसत नाही आणि बाहेर पडताना मात्र पूर्ण फिरकी मिळते. खाचा एका आकड्यासारख्या छोट्या हत्याराने पाडायच्या. एका फेरीत हत्यार इतकं थोडं पोलाद खरवडतं की एकेक खाच पुरी व्हायला कितीतरी फेऱ्या माराव्या लागतात. आठही खाचा सारख्या खोल व्हायला हव्यात, आणि मधेच घाई झाली तर सगळी नळी भंगारात.

पोपची दुसरी करामत म्हणजे त्याने जुनं आणि नवं एकत्र आणलं. त्याच्या रायफलीत दारू भरलेलं टोपण मागून घालायचं, पण गोळी मात्र तोंडाकडून, क्लार्कच्या त्या खोट्या तोंडातून आत ढकलायची. कारण असं: गोळी मागून खाचांत शिरते तेव्हा शिसं मागे ओढलं जातं आणि बुडाच्या कडेला बारीक पापुद्रे येतात. तोंडाकडून घातली तर बूड स्वच्छ राहतं. म्हणून पोप नळीबरोबर गोळी ओतायचा साचा, गोळीला चरबी लावायचा पंप, खोटं तोंड आणि गज असा सगळा संच द्यायचा. नळीची आणि गोळीची जोडी त्याने जमवून दिलेली असायची आणि ती मोडायची नाही अशी त्याची ताकीद असे.

याचं फळ काय मिळालं, तर १६ मे १९०१ रोजी कोलोरॅडोत सी. डब्ल्यू. रोलंड या नेमबाजाने पोपच्या नळीतून २०० वारांवर, रायफल टेकवून, दहा गोळ्या झाडल्या. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर भरलं ०.७२५ इंच. सहा सुतांहूनही कमी! आपल्या दहा रुपयांच्या नाण्याखाली ती दहाही भोकं जवळजवळ झाकली गेली असती. मऊ शिशाची हाताने ओतलेली गोळी, सव्वाशे वर्षांपूर्वीची हत्यारं आणि हा आकडा. पुढे कित्येक दशकं लोक तो आदराने सांगत राहिले.

त्याच वर्षी स्टीव्हन्स कंपनीने पोपला आपल्याकडे बोलावलं. ‘स्टीव्हन्स-पोप’ असा शिक्का मारलेल्या नळ्या निघू लागल्या. कारखान्याला आकडा वाढवायचा होता आणि पोपला एकेक नळी मनासारखी करायची होती. चार-पाच वर्षांत तो बाहेर पडला. या भांडणात चूक कोणाची, हे ठरवण्याच्या भरीला मी पडणार नाही. कारखान्याला पगार द्यायचे असतात. पण पोपचं नाव नळीवर आणि पोप मात्र कारखान्याबाहेर, ही गोष्ट मनाला लागते. १९०६ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत नवं दुकान थाटलं. १८ एप्रिलच्या पहाटे तिथला तो प्रसिद्ध भूकंप झाला, शहर जळालं आणि पोपचं दुकानही गेलं. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर सगळं पुन्हा शून्यापासून.

अखेरीस न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत, मॉरिस स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या माडीवर त्याने बस्तान बसवलं ते कायमचं. त्या खोलीची वर्णनं वाचली की हसू येतं. जुनी यंत्रं, रायफली, कागद आणि खोकी यांचे ढीग आणि मधून एक माणूस जाईल एवढी पायवाट. वेळेवर काम मिळेल अशी अपेक्षा कोणी धरू नये, पसंत नसेल तर दुसरीकडे जावं, अशा अर्थाची पाटी त्याने लावून ठेवली होती. तरी लोक थांबत, वर्षानुवर्षं थांबत. ल्यूशियन कॅरी या लेखकाने त्याच्यावरून एक तऱ्हेवाईक बंदूक-कारागीर रंगवला आणि ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मधल्या कथांमुळे तो घरोघरी पोचला.

आता दुसरा माणूस. डॉ. फ्रँकलिन मॅन. शिक्षणाने डॉक्टर, पण पैसा मिळवला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं कापणाऱ्या यंत्राच्या धंद्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड गावी त्याचं हे सगळं चाललेलं. त्याला स्पर्धा जिंकायच्या नव्हत्या. एकाच नळीतून, एकाच दारूने, एकसारख्या गोळ्या झाडल्या तरी त्या एकाच भोकातून का जात नाहीत, एवढंच त्याला हवं होतं. माणसाच्या हाताचा दोष वगळावा म्हणून त्याने जमिनीत काँक्रीटचा प्रचंड खांब रोवला आणि नळी त्यावर जखडली. त्या खांबाला त्याने नाव दिलं ‘जिब्राल्टर’.

मग त्याने जे केलं ते वाचताना मौज वाटते. गोळीच्या वाटेत ठरावीक अंतरांवर कागदाचे पडदे टांगले. प्रत्येक पडद्यावरच्या भोकाचा आकार पाहून गोळी कुठे कलंडली, कुठे सावरली याचा माग काढला. तेल घातलेल्या भुशात गोळ्या झाडल्या, म्हणजे त्या न चेपता परत मिळतील आणि त्यांच्यावर उमटलेल्या खुणा वाचता येतील. मुद्दाम विद्रूप केलेल्या गोळ्या उडवून पाहिल्या. नाक मोडलेली गोळी बऱ्यापैकी नीट गेली. बुडाला जखम केलेली मात्र भलतीकडेच. सगळे कारागीर गोळीच्या टोकाकडे डोळे लावून बसले होते आणि दोष होता बुडाशी. पोप तोंडाकडून गोळी का भरत होता, याचं उत्तर असं दुसऱ्याच्या प्रयोगातून मिळालं. दोघांची ओळख होती आणि मॅनच्या प्रयोगांत पोपच्या नळ्याही होत्या.

१९०९ मध्ये मॅनने हे सगळं पुस्तकात मांडलं. त्या पुस्तकाचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे त्यातली अपयशं. हे केलं, काही उपयोग झाला नाही. ते बदललं, आणखी बिघडलं. असं पानोपानी येतं. कारागिराच्या दुनियेत असं सहसा कोणी लिहून ठेवत नाही. तिथे गुपित पोटात ठेवण्याची रीत असते, मग ते नळीचं असो, तबल्याच्या शाईचं असो की एखाद्या मसाल्याचं.

१९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि शुट्झन मंडळांवर संक्रांत आली. जर्मन नाव, जर्मन गाणी आणि हातात बंदुका! अनेक मंडळांनी नावं बदलली, अनेक बंद पडली. १९२० मध्ये दारूबंदी आली आणि बीअरच्या बागांची उरलीसुरली रयाही गेली. जड नळीच्या, तळहातावर तोलायच्या, नक्षीदार शुट्झन रायफली जुन्या बाजारात पडून राहिल्या.

त्या उचलल्या हौशी मंडळींनी. दिवसा नोकरी, रात्री घराच्या तळघरात लेथ. विंचेस्टर किंवा स्टीव्हन्सचा जुना सांगाडा घ्यायचा आणि त्यावर नवी नळी चढवायची. विशेषतः १९३० नंतर .२२ हॉर्नेट हे छोटं, वेगवान काडतूस आलं तेव्हा हा उद्योग फारच फोफावला. काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. नळी आट्यांवर फिरवून बसवायची असते. ती अष्टपैलू असेल तर घट्ट होण्याच्या नेमक्या क्षणी वरचा पैलू बरोबर वर यायला हवा. काडतुसाचं बूड आणि मागचा ठोकळा यांत फट राहिली तर टोपण फाटतं, आणि फटच नसेल तर दार लागत नाही. काही जुने सांगाडे काळ्या दारूच्या काळातले, मऊ लोखंडाचे. धूररहित दारूचा दाब त्यांना झेपणारा नव्हता आणि हे न ओळखणाऱ्याच्या तोंडासमोरच ते फुटायचे. (आपल्याकडे शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा तिच्यात असे फेरफार करणं हा गुन्हा आहे, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.)

नळी बसली तरी सगळं संपत नसे. एकबारी रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि पुढचा तुकडा नळीलाच लटकतो. बार उडाला की नळी तारेसारखी थरथरते. तो लाकडी तुकडा तिला कुठे आणि किती दाबून आहे, यावर थरथर बदलते आणि गोळीची जागाही. पावसाळी हवेत लाकूड फुगलं की नेम सरकतो. मग कोणी स्क्रू अर्धा फेरा सैल करी, कोणी लाकूड कोरून फट ठेवी, कोणी मधे चामड्याचा तुकडा घाली, आणि दर बदलानंतर पुन्हा दहा गोळ्या कागदावर. सतारीची जवारी काढणाऱ्याला हा प्रकार लगेच कळेल. १९६७ मध्ये रूगर कंपनीने नवी एकबारी रायफल बाजारात आणली, तेव्हा तिच्या मालकांनीही याच पुढच्या लाकडाशी झटापट सुरू केली.

१९४८ मध्ये या हौशी लोकांनी एकबारी रायफलींची स्वतःची संघटना स्थापन केली आणि २०० वारांचे सामने पुन्हा सुरू झाले. तेव्हा पोप हयात होता. १९५० मध्ये, नव्वदीच्या घरात असताना, तो गेला. मॅनचं पुस्तक त्याच्या १९१६ मधल्या मृत्यूनंतरही अनेकदा छापलं गेलं. पोपचा असा ग्रंथ नाही. त्याच्या नळ्या आहेत. पण त्यांच्या किमती आता इतक्या चढल्या आहेत की बऱ्याचशा संग्राहकांच्या काचेच्या कपाटांत गेल्या आणि त्यांतून गोळी सुटत नाही. सामन्यांत उतरणारी माणसं आजच्या कारागिरांकडून त्याच घाटाच्या नळ्या पाडून घेतात, आठ खाचांच्या आणि तोंडाकडे घट्ट होत जाणाऱ्या पिळाच्या. त्यांच्यापैकी काही जण अजूनही गोळी तोंडाकडूनच भरतात.